दोराचे शेवट

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण सहज म्हणून जातो. म्हण हट्टी माणसाविषयीची. सुंभ तिथे केवळ दाखल्यापुरता येतो. पण दाखला म्हणून तो जरा निरखून पाहिला तर त्यात अर्धेच सत्य असल्याचे ध्यानात येते. जळालेल्या सुंभाची राख पिळाचा आकार धरून राहते हे खरे. न जळालेल्या, नुसत्या कापलेल्या सुंभाचा पीळ मात्र बघता बघता जातो. कापल्या जागी पेड एकमेकांपासून फाकतात, पेडांतले दोरे मोकळे होतात, दोऱ्यांतले तंतू पिंजारतात, आणि हातभर लांबीचा चांगला दोर केरसुणीसारखा दिसू लागतो. जळण्यापेक्षा उसवणे हाच दोराचा खरा शत्रू. आमच्या म्हणीने त्याची दखल घेतलेली नाही.

ज्यांनी ही दखल सर्वांत काटेकोरपणे घेतली, ते शिडाच्या जहाजांवरचे खलाशी. दोराचा शेवट सुटू नये यासाठी त्यांनी काय केले, त्या कामाची नोंद कोणी कशी ठेवली, आणि ज्यांनी काम केले ते त्या नोंदीत कितपत आले, हा या लेखाचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्याचे कारण असे, की अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले इंग्रजी सागरी वाङ्मय ज्या फळ्यांवर उभे राहिले त्याच फळ्यांवर हे काम चालत होते. आपण ते वाङ्मय वर्गात शिकतो, शिकवतो. त्यातल्या दोरांची प्रकरणे मात्र बहुधा 'परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची नाहीत' म्हणून ओलांडून जातो.

आधी दोर म्हणजे काय ते पाहू. अंबाडी, ताग, काथ्या, घायपात किंवा मनिला, कोणताही वनस्पतिजन्य तंतू घेतला तरी तो फार तर काही फूट लांब असतो. शेकडो फूट लांबीच्या दोरात टोकापासून टोकापर्यंत जाणारा एकही तंतू नसतो. तंतू एका दिशेने पिळून दोरा होतो; अनेक दोरे उलट दिशेने पिळून पेड होतो; तीन पेड पुन्हा पहिल्या दिशेने वळून दोर होतो. प्रत्येक पीळ सुटू पाहतो, आणि त्याचे सुटणे वरच्या पिळाला आवळते. या परस्परविरोधातून जे घर्षण निर्माण होते त्यावर सगळा दोर उभा असतो. ताण पडला की हे घर्षण वाढते, म्हणून दोर ओढला की अधिक घट्ट होतो. शेवटाशी मात्र ओढ नाही, आवळणारे काही नाही. तेथे हा समतोल मोडतो आणि मोडलेला समतोल हळूहळू आत सरकत जातो. म्हणजे शेवटाला दोराबाहेरचे काहीतरी बांधावे लागते. वळणाऱ्याचे कौशल्य कितीही असले तरी दोर स्वतःचा शेवट स्वतः राखू शकत नाही.

शेतीत यावर सोपा उपाय चालतो. दाव्याच्या किंवा कासऱ्याच्या टोकाला गाठ मारली की भागते, कारण ते टोक कशातून ओवून न्यायचे नसते. जहाजावर तसे चालत नाही. तिथला जवळजवळ प्रत्येक हलता दोर कप्पीतून जातो, आणि गाठ कप्पीत अडकते. पिंजारलेले टोकही अडकते, आणि नेमके वादळात अडकते. टोक कापून टाकावे तर दर खेपेला दोर वीतभर आखूड होतो, आणि समुद्रात नवा दोर मिळत नाही. म्हणून टोक दोराच्या जाडीइतकेच राहिले पाहिजे, शक्य तर थोडे निमुळते झाले पाहिजे, आणि तरीही सुटता कामा नये. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या जहाजावर सुमारे २६ मैल लांबीचे दोर होते असे सांगतात. त्या २६ मैलांचे किती तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला दोन शेवट, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

उपाय म्हणजे टोकाशी मेणवलेल्या बारीक दोऱ्याचे एकाला एक चिकटून वेढे देणे. वेढे दोराच्या पिळाच्या उलट दिशेने घालायचे, टोकाच्या बाजूला सरकत जायचे, आणि दोऱ्याची दोन्ही टोके वेढ्यांच्या खालीच दाबून टाकायची, म्हणजे गाठ दिसतही नाही. वेढ्यांची रुंदी साधारण दोराच्या जाडीइतकी किंवा थोडी अधिक. कापण्याआधीच कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना वेढे घालून मग मध्ये सुरी चालवायची, हा जाणत्याचा रिवाज. याहून टिकाऊ प्रकार शीड शिवणाऱ्यांचा. तळहातावर चामड्याचा पट्टा चढवून सुईने दोरा पेडांच्या मधून काढायचा, आणि शेवटी पेडांमधल्या खाचांतून तो वेढ्यांवरून तिरका घ्यायचा. मग एखादा वेढा झिजून तुटला तरी बाकीचे निसटत नाहीत. आणखी एक प्रकार बाहेरचे काहीच न वापरण्याचा. तीन पेड मोकळे करून एकमेकांत अडकवायचे आणि मागे वळवून दोराच्या अंगातच विणून टाकायचे. हा दिसायला देखणा, पण टोक जाड करतो, त्यामुळे कप्पीच्या दोराला निरुपयोगी. सर्वांत कष्टाचे काम टोक निमुळते करण्याचे. त्यात आतले दोरे तासून पातळ करायचे आणि बाहेरच्या दोऱ्यांची त्यांच्याभोवती जाळी विणायची. जाड दोराला असे टोक करायला बराच वेळ जाई. अधिकाऱ्यांची नजर त्यावर जात असल्याने चांगल्या जहाजाची परीक्षा त्यावरून होई.

या टोक निमुळते करण्याच्या कामाची व्याख्या विल्यम फाल्कनर याच्या १७६९ च्या नौशब्दकोशात सापडते. फाल्कनर एडिंबरोच्या एका न्हाव्याचा मुलगा. लहानपणीच जहाजावर गेला, जहाज फुटून मरता मरता वाचला, आणि १७६२ साली त्या अनुभवावर त्याने 'द शिपरेक' ही दीर्घ कविता लिहिली. त्या काळच्या इंग्रजी कवितेत साध्या वस्तूला साध्या नावाने संबोधणे शिष्टसंमत नव्हते. फाल्कनरने मात्र शिडांची आणि दोरांची धंद्यातली नावे बेधडक वापरली. पुढे कोश केला तो याच माणसाने, ही गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते. कवितेत जो शब्द वाचकाला अडला, त्याचा अर्थ सांगण्याची जबाबदारीही कवीनेच उचलली. कोश निघाला त्याच वर्षी फाल्कनर 'अरोरा' या जहाजावरून हिंदुस्थानाकडे निघाला. बंगालचा माजी गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्ट त्याच जहाजावर होता. डिसेंबर १७६९ च्या अखेरीस केपटाउन सोडल्यावर ते जहाज पुन्हा कोणी पाहिले नाही. जहाजफुटीची कविता लिहिणाऱ्याचा असा शेवट व्हावा, यावर भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतो.

टोकाला वेढे देण्याच्या कामाला इंग्रजीत 'व्हिपिंग' म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ आसूड मारणे. भाषेतला हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण जहाजावर या दोन गोष्टी शब्दापुरत्याच जवळ नव्हत्या. इंग्रजांच्या आरमारात कामात दिरंगाई करणाऱ्याला बोसनचे मदतनीस दोराच्या तुकड्याने जागच्या जागी झोडपत. त्याला खटला नाही, नोंद नाही. ब्रिटिश नौखात्याने ही प्रथा १८०९ साली बंद केली. चौकशीनंतरची शिक्षा नऊ शेपटांच्या आसुडाने होई, आणि ती पुढे अनेक दशके चालू राहिली. त्या आसुडाची नऊ शेपटेही दोरीचीच. सुटून विस्कटू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना वेढे दिलेले किंवा गाठी मारलेल्या असत. म्हणजे जो हात दोराचा शेवट राखायला शिकला, त्याच हाताची विद्या सोबत्याच्या पाठीवर पडणारा आसूड टिकाऊ करण्याच्याही उपयोगी पडली. हे वाक्य लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही. पण दोरकामाचे जे रम्य वर्णन हल्ली छंदाच्या पुस्तकांतून वाचायला मिळते त्यात ही बाजू गळालेली असते, म्हणून ती सांगणे भाग आहे.

ती बाजू ज्याने गाळली नाही असा लेखक रिचर्ड हेन्री डेना. हार्वर्डचा विद्यार्थी. गोवरानंतर डोळे अधू झाल्याने शिक्षण थांबले, तेव्हा प्रकृती सुधारण्यासाठी प्रवासी म्हणून न जाता साधा खलाशी म्हणून तो १८३४ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनहून 'पिल्ग्रिम' या जहाजावर चढला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कातडी गोळा करून १८३६ च्या सप्टेंबरमध्ये तो 'अलर्ट' या दुसऱ्या जहाजाने परतला. 'टू इयर्स बिफोर द मास्ट' हे त्याचे पुस्तक १८४० साली निघाले. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटते की वारा अनुकूल असला म्हणजे खलाशाला काही काम नसते. डेना हा गैरसमज मुळापासून खणून काढतो. दोर सतत झिजत असतात. झिजलेल्या जागी काही गुंडाळायचे, ढिले झालेले ताणायचे, तुटलेले जोडायचे. मालक जुना टाकाऊ दोर विकत घेऊन जहाजावर देतो, खलाशी तो उसवतात, निघालेले दोरे एकाला एक जोडून त्यांचे गुंडे करतात, त्यांतून पुन्हा बारीक दोरी वळतात. एकही माणूस रिकामा दिसता कामा नये हा खरा नियम, आणि दोर हे त्या नियमाचे अक्षय भांडवल. आमच्या मते डेनाच्या पुस्तकातला हा भाग वादळांच्या वर्णनांपेक्षा मोलाचा आहे. वादळे सगळ्यांनीच लिहिली आहेत.

याच प्रवासात कॅप्टनने दोन खलाशांना फटके मारले. एकाने विचारले, हे का? दुसऱ्याला उत्तर मिळाले ते विचारले म्हणून. डेनाने त्या रात्री मनाशी घेतलेली शपथ त्याच्या पुस्तकात आहे: संधी मिळाली तर या लोकांसाठी काहीतरी करीन. तो वकील झाला, खलाशांचे खटले चालवू लागला, पुढे दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांचेही. पण त्याआधी, १८४१ साली, त्याने 'द सीमन्स फ्रेंड' नावाचे एक छोटे पुस्तक काढले. त्याच्या पहिल्या भागात गाठी, जोड, टोकांचे वेढे, शिडे यांची माहिती. दुसऱ्या भागात व्यापारी जहाजांवरचे रिवाज. तिसऱ्या भागात कॅप्टन आणि खलाशी यांच्याविषयीचा कायदा. दोराचे टोक कसे बांधावे आणि कॅप्टनचा अधिकार कोठे संपतो, हे दोन्ही एकाच पुठ्ठ्यात! इंग्रजी सागरी वाङ्मयाच्या इतिहासांत या पुस्तकाला फारसे स्थान मिळत नाही, कारण ते 'वाङ्मय' नाही. आम्हांला मात्र 'टू इयर्स' चा खरा उत्तरार्ध तेच वाटते. अमेरिकेच्या काँग्रेसने जहाजांवरील फटक्यांवर बंदी घातली ती २८ सप्टेंबर १८५० रोजी. त्याच वर्षी मेल्व्हिलची 'व्हाइट-जॅकेट' ही कादंबरी आली होती. लढाऊ जहाजावरील फटक्यांविषयीची तिची प्रकरणे प्रसिद्धच आहेत.

मेल्व्हिलचा उल्लेख आलाच आहे तर 'मोबी डिक' मधल्या साठाव्या प्रकरणापाशी थांबले पाहिजे. १८५१ साली निघालेल्या या कादंबरीतले हे प्रकरण संपूर्णपणे देवमाशाच्या शिकारीच्या दोराविषयी आहे. दोराची जाडी, त्यातल्या दोऱ्यांची संख्या, प्रत्येक दोरा किती वजन पेलतो, अंबाडीच्या जातीच्या युरोपीय दोराला मनिलाने कसे मागे टाकले, सगळे तपशिलाने येते. आणि मग येते शेवटाची गोष्ट. पिंपात वेटोळे करून ठेवलेल्या दोराचे खालचे टोक फास विणून वर काढलेले असते आणि ते कशालाही बांधलेले नसते. बांधायचे नाही, याची दोन कारणे. मासा फार खोल गेला तर शेजारच्या होडीचा दोर त्या फासाला जोडता यावा, हे एक. दुसरे असे की टोक होडीला बांधलेले असले आणि दोर संपला, तर मासा होडीसकट सगळ्यांना तळाला नेईल. येथे शेवट राखायचा तो दोरासाठी. माणसांसाठी तो मोकळाच ठेवायचा. कादंबरीच्या अखेरीस अहाब याच दोराच्या वेटोळ्यात सापडून जातो. साठावे प्रकरण ओलांडून शेवटाकडे धावणाऱ्या विद्यार्थ्याला तो मृत्यू अकस्मात वाटतो, यात कादंबरीकाराचा दोष नाही.

आता दोराच्या आत डोकावू, कारण टोक उसवले की आत काय दिसते यालाही इतिहास आहे. इंग्रजांच्या राजेशाही गोद्यांत वळलेल्या दोरात एक वेगळा दोरा घातलेला असे. तिसऱ्या विल्यमच्या कारकिर्दीत, १६९८ साली, आरमाराच्या मालाच्या चोरीविरुद्ध जो कायदा झाला त्यात उलट्या पिळाच्या पांढऱ्या दोऱ्याची खूण नमूद आहे. पुढे वेगवेगळ्या गोद्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे आले. खलाशी त्याला 'रोग्ज यार्न', म्हणजे लुच्चाचा दोरा, म्हणत. वरून पाहता तो कळत नाही. टोक मोकळे झाले की दिसतो आणि माल राजाचा असल्याची साक्ष देतो. चॅटमच्या गोदीत दोर वळण्याची जी इमारत आहे ती सुमारे ११३५ फूट लांब आहे आणि आजही तिथे दोर वळले जातात. एवढ्या लांबीच्या प्रत्येक दोरातून टोकापासून टोकापर्यंत एक पहारेकरी घालून दिलेला असे.

गटेला या पहारेकऱ्यात काही वेगळेच दिसले. १८०९ च्या 'डी वालफेरवांडशाफ्टन' या कादंबरीच्या दुसऱ्या भागात, ओटिलीची रोजनिशी वाचकापुढे ठेवण्याआधी, तो इंग्रजी आरमाराच्या दोरांतल्या तांबड्या दोऱ्याचा दाखला देतो: सगळा दोर उसवल्याशिवाय तो काढता येत नाही आणि लहानशा तुकड्यावरूनही दोर कोणाचा ते ओळखता येते. तसाच एक आपुलकीचा धागा रोजनिशीतून गेलेला आहे, असे त्याला म्हणायचे आहे. जर्मन भाषेत 'तांबडा धागा' हा वाक्प्रचार सलग सूत्र या अर्थाने रूढ झाला तो येथून. आपल्याकडेही निबंधात 'सूत्र' शोधायला सांगितले जाते, तेव्हा त्यामागे मण्यांतून जाणारा दोरा असतो. गटेचा दोरा मण्यांतला नव्हे. तो मालकीचा, पोलिसी दोरा आहे, आणि त्याला अंतरंगातल्या जिव्हाळ्याचे रूपक करून टाकण्यात गटेची प्रतिभा दिसते, तशीच त्याची गोदीपासूनची दूरताही. हा शेरा काहींना उद्धट वाटेल. असो.

जहाजावर ज्या उसवण्याविरुद्ध एवढी झुंज, तेच उसवणे जमिनीवर शिक्षा म्हणून दिले जात होते. जुन्या डांबरी दोराचे तुकडे करून बोटांनी त्यांचा तंतू न् तंतू सुटा करायचा. हा पिंजलेला माल लाकडी जहाजांच्या फळ्यांमधल्या फटींत ठोकून भरायच्या कामी येई. त्याला 'ओकम' म्हणत. इंग्लंडमधल्या तुरुंगांतून आणि अनाथ-दरिद्री लोकांच्या सरकारी आश्रयगृहांतून हे काम सक्तीने करवून घेत. १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः आलेल्या डिकन्सच्या कादंबरीत ऑलिव्हरला मंडळापुढे उभे करून सांगितले जाते, की उद्या सकाळी सहापासून तू ओकम पिंजायला लाग. त्या मुलाला गावच्या बीडलने वर्णानुक्रमाने दिलेले आडनाव आहे ट्विस्ट, म्हणजे पीळ. डिकन्सच्या मनात हा श्लेष असेल की नसेल. शिकवताना तो हाती लागला तर सोडू नये. १८९५ साली दोन वर्षांची सक्तमजुरी झालेल्या ऑस्कर वाइल्डलाही ओकम पिंजावे लागले. जहाजावर डांबराने काळे झालेले हात कुशल समजले जात. तुरुंगात तेच डांबर नखांत जाऊन बोटे फाटत, आणि त्या कामात कौशल्य असे काही नव्हतेच. १८९८ साली निघालेल्या 'बॅलड ऑफ रेडिंग जेल' मध्ये हे काम आलेले आहे. पुस्तकावर कवीचे नाव नव्हते, कोठडीचा क्रमांक होता.

मराठी वाचकाला येथे 'माझी जन्मठेप' आठवल्यावाचून राहणार नाही. अंदमानच्या सेल्युलर जेलमधल्या राजबंद्यांना काम मिळे ते उलट दिशेचे. नारळाची सुकी सोडणे कुटून तंतू काढायचे, काथ्याचे दोर वळायचे, आणि यापेक्षा जड म्हणजे कोलू. सावरकर १९११ साली तेथे पोहोचले. पुस्तक १९२७ साली आले. लंडनमध्ये दोराचे तंतू करणे आणि पोर्ट ब्लेअरमध्ये तंतूंचे दोर करणे, या दोन शिक्षांची दिशा उलटी असली तरी साम्राज्य एकच होते आणि दोन्ही माल बाजारातच जाणार होते. आपल्याकडच्या समीक्षेने 'माझी जन्मठेप' राजकीय आत्मकथन म्हणून पुष्कळ वाचले आहे. कामाचे वर्णन म्हणून, हाताला पडलेल्या फोडांचे वाङ्मय म्हणून, तिचे वाचन त्या मानाने कमीच झाले आहे.

काथ्या हा हिंदी महासागराचा दोर. खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही, तरंगतो, आणि ताणला तर थोडा लांबून परत येतो. मालदीवच्या काथ्याने फळ्या शिवून जहाजे बांधतात हे इब्न बतूताने चौदाव्या शतकात नोंदवले आहे. हे दोर ज्यांच्या हातांतून गेले ते खलाशी पुढे 'लस्कर' या नावाने इंग्रजी जहाजांवर भरती झाले. रत्नागिरी जिल्ह्यातली गावेच्या गावे या नोकरीवर होती. पेडांचे, वेढ्यांचे, कप्प्यांचे त्यांचे शब्द कोणते? त्याचे उत्तर ज्या पुस्तकात शोधावे लागते ते लिहिले एका लष्करी अधिकाऱ्याने. लेफ्टनंट टॉमस रोबकचा इंग्रजी-हिंदुस्तानी नौशब्दकोश १८११ साली कलकत्त्यास निघाला. जॉर्ज स्मॉलने सुधारून तो १८८२ साली 'लस्करी डिक्शनरी' म्हणून पुन्हा काढला. हिंदुस्तानी, अरबी, फारसी, पोर्तुगीज, बंगाली यांचे ते मजेदार मिश्रण आहे. सारंग, तांडेल, डोल हे शब्द त्यात भेटले की कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखे वाटावे. अमिताव घोष यांनी या कोशाचा शोध घेतला आणि २००८ च्या 'सी ऑफ पॉपीज' या कादंबरीत त्या भाषेला पुन्हा तोंड दिले.

तरीही कोशाची दिशा विसरता येत नाही. तो इंग्रजीतून हिंदुस्तानीत जाणारा आहे. गोऱ्या अधिकाऱ्याला हुकूम द्यायचा असेल तर काय ओरडावे, हे सांगण्यासाठी तो आहे. सारंगाला अधिकाऱ्यापाशी काही बोलायचे असेल, तर त्यासाठी तो नाही. डेनाच्या पुस्तकातल्या तिसऱ्या भागासारखे लस्करांसाठी काहीच नव्हते. ज्या शिवीवजा शब्दांनी इंग्रज खलाशी ढिसाळ टोकांची संभावना करीत त्यांतही हीच रीत दिसते. सुटून फडफडणाऱ्या दोराच्या टोकांना ते 'आयरिश पताका' म्हणत. अॅडमिरल स्माइथच्या १८६७ च्या 'सेलर्स वर्ड-बुक' मध्ये हा शब्द अधिकृतपणे नोंदलेला आहे. टोक सुटले तर ते आयरिश. घट्ट असले तर ते कोणाचेच नाही, ते केवळ बरोबर.

अशा नोंदींच्या पार्श्वभूमीवर क्लिफर्ड अॅशलीचे काम वेगळे उठून दिसते. १८८१ साली न्यू बेडफर्डला, म्हणजे देवमाशांच्या शिकारीच्या जुन्या राजधानीतच, जन्मलेला हा चित्रकार १९०४ साली 'सनबीम' या शिकारी जहाजावर सुमारे सहा आठवडे राहिला. शिडांचा काळ तेव्हा संपत आला होता. पुढे ११ वर्षे खपून त्याने 'द अॅशली बुक ऑफ नॉट्स' हा ग्रंथ सिद्ध केला. १९४४ साली निघालेल्या त्या ग्रंथात ३८०० हून अधिक क्रमांकित नोंदी आणि सुमारे ७००० रेखाचित्रे आहेत. गाठ कोणापाशी शिकलो हे तो पुष्कळदा सांगतो. खाटीक, चांभार, विणकर, सर्कशीतले लोक, ज्याच्या धंद्यात दोरी आहे त्या प्रत्येकापाशी तो गेला होता. टोकांच्या वेढ्यांनाही त्याने क्रमांक दिले आहेत, मोठ्या शोभिवंत गाठींच्या बरोबरीने. चित्रे त्याने स्वतः काढली, आणि आमच्या समजुतीप्रमाणे ग्रंथाचे खरे सामर्थ्य तेथे आहे. हाताची विद्या शब्दांत उतरवताना फाल्कनर अडखळतो, डेनाही अडखळतो. अॅशलीची रेषा अडखळत नाही. ग्रंथ निघाल्यावर तीनच वर्षांनी तो वारला. अॅनी प्रू यांना हा ग्रंथ एका अंगणातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत पाव डॉलरला मिळाला. १९९३ च्या 'द शिपिंग न्यूज' मधल्या अनेक प्रकरणांच्या माथ्यावर त्यातले उतारे आहेत, आणि नायकाचे नाव क्वॉइल, म्हणजे दोराचे वेटोळे.

अॅशलीचा ग्रंथ छापला जात असतानाच त्यातले टोकांचे प्रकरण जुने करणारी वस्तू युद्धाच्या कामी लागली होती. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत तयार झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोर निघाले. नायलॉनचे टोक बांधावे लागत नाही. काडी ओढून धरले की तंतू वितळून एकजीव होतात. पाच मिनिटांचे काम पाच सेकंदांत होते, मेणाचा दोरा नको, सुई नको, चामड्याचा पट्टा नको. ज्या खलाशाला कोणी दाखवले नाही तोही ते करू शकतो. म्हणीपुरते बोलायचे तर येथे सुंभ जळतो तेव्हा पीळ पहिल्यांदा जातो; उरतो तो पिळाचा मागमूस नसलेला काळपट गोळा. त्या गोळ्याला धारदार कडा येते. दोर भरधाव हातातून सुटू लागला तर ती तळहात फाडते, आणि कप्पीवर आपटून आपटून गोळा तडकला की आतले तंतू पुन्हा मोकळे होतात. म्हणून शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारी पुस्तके आजही टोक आधी वितळवायला सांगतात, आणि मग त्याच्या थोडे अलीकडे मेणवलेल्या दोऱ्याचे वेढे घालायला लावतात.